भंगारातून कॅम्पिंग ट्रेलर: करायचा की नाही?

बागायतदार_निफाड: तयार कॅरव्हॅनच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, किमती ऐकल्या की घामच फुटतो, अन् इथे आपल्या नाशकात भंगारात काय मिळत नाही सांगा? अंबड-सातपूरच्या कंपन्यांतले पत्रे, पॅकिंगच्या पेट्यांचं पाइनवूड, आणि जुन्या द्राक्षबागा तुटल्या की मांडवाचे अँगल तर किलोवर जातात. दोन माणसं झोपतील एवढी पेटी करायची, मागच्या दाराला ओटा, खाली जुन्या ओम्नीचा मागचा अ‍ॅक्सल स्प्रिंगच्या पाट्यांसकट, बोलेरोला जोडली की चालले भंडारदऱ्याला. माझ्या मते यात नवीन काही विकत घेणं म्हणजे पैसे उडवणं.

फिटर_सातपूर: पेटी भंगाराची कर भाऊ, सांगाडा नको. मांडवाचा अँगल मातीच्या रेषेला गंजून कागद झालेला असतो, वेल्डिंग मारलं की भोक. वजनाचं काय? 50 बाय 50 बाय 6 एमएमचा अँगल मीटरला साडेचार किलो भरतो, 40 चा चौकोनी पाइप 2 एमएमचा घेतलास तर अडीच किलोच्या आत. त्यावर 12 एमएम प्लायचं आठ बाय चारचं एक शीट 24 किलोच्या आसपास, अशी सहा टाक मग बघ.

बागायतदार_निफाड: मातीतलं टोक कापून टाकायचं ना, त्यात काय एवढं. गावोगावी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या अशाच बनतात, ऊस भरून पळतात, काही होतं का?

कागद_आधी: ट्रॉली ट्रॅक्टरच्या वेगाने जाते, तुम्ही हायवेला 80 ने जाणार. आणि दादा, 1988 च्या मोटार वाहन कायद्यात वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर धरलाय, म्हणजे कलम 39 प्रमाणे रजिस्ट्रेशन आलं, कलम 146 प्रमाणे थर्ड पार्टी इन्शुरन्स आला. घरी जोडलेल्या पेटीला आरटीओवाले पासिंग, म्हणजे रस्त्यावर चालवायची मंजुरी, देतील असं मला तरी वाटत नाही. 2021 मध्ये राज्याने कॅरव्हॅन टुरिझमचं धोरण आणलं म्हणून सगळे खूश झाले होते, पण त्याने घरगुती ट्रेलरला कुठे सूट मिळाली?

रानवाटा_त्र्यंबक: तुमच्यासारख्यांमुळेच आपल्याकडे कोणी काही बनवत नाही राव. सगळं पासिंग-पासिंग करत बसलो तर सायकलला कॅरिअर पण लावायचं नाही का. पोलीस विचारतील तेव्हा बघू.

कागद_आधी: पोलिसांचं सोडा. कसारा उतरताना हुक निसटून पेटी कोणाच्या बाईकवर गेली तर भरपाई कोण देणार, तुम्ही?

फिटर_सातपूर: हुक निसटणं पुढचं, आधी पेटी डुलायला लागते. एकूण वजनाचा 10 ते 15 टक्के भार हुकावर पाहिजे, म्हणजे 400 किलोच्या ट्रेलरला 40 ते 60 किलो. अ‍ॅक्सल मध्यापेक्षा थोडा मागे घ्यायचा तो याच्यासाठी. हे भाऊ ओटा मागे करणार, पाण्याची टाकी, गॅस सगळं मागे, मग पुढचं टोक हलकं पडणार अन् वेग घेतला की शेपूट हलणार. टाकी अ‍ॅक्सलच्या वर किंवा जरा पुढे घे. चाकांचं हब-बेअरिंग नवीनच, आणि सेफ्टी चेन दोन, एकमेकींना क्रॉस करून. जुना अ‍ॅक्सल वाकलाय की नाही ते डोळ्यांनी कळत नाही रे.

थंडी_वाजते: पत्र्याची पेटी म्हणताय म्हणून विचारते, झोपून बघितलंय का कोणी? आपल्याकडे जानेवारीत पारा 5-6 वर येतो, दोघांच्या श्वासाने पत्रा आतून घामेजतो, गादी ओली. पत्र्याच्या आत थर्माकोल अन् वरून पातळ प्लाय पाहिजे, आणि हवेला वर-खाली दोन्हीकडे भोकं. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो तळाशी बसतो, म्हणून खालचं भोक बुजवायचंच नाही. आणि शेगडी पेटवून झोपू नका प्लीज. माझं म्हणणं एवढंच की हे सगळं जमिनीवर ठेवा ना, मळ्यातच. चाकं कशाला?

बागायतदार_निफाड: ताई, मळ्यात झोपायला घर आहे की आमचं! बाहेर पडायचंय म्हणून तर चाकं. फिटरभाऊ, हब-बेअरिंग नवीन घेतो, पाइप पण नवीन, मान्य. पण दारं, खिडक्या, पत्रा, सनमायका सगळं भंगारचंच.

कागद_आधी: आणि नंबर प्लेट?

रानवाटा_त्र्यंबक: आला परत हा.

फिटर_सातपूर: त्याचं बरोबर आहे खरं तर. मी वेल्डिंग करून देईन, पण आधी आरटीओत जाऊन विचारून ये, लेखी. नाहीतर सरळ पिकअपच्या हौद्यात बसेल, उतरवता येईल अशी पेटी कर. हुक नाही, डुलणं नाही.

बागायतदार_निफाड: पिकअप कोणाची, तुझी?