घाटात बंद पडलेली ट्रॅव्हलर : इंजिन जाम म्हणतात, ट्रॅक्टरने ओढू का?

दर्यापूरचे गुरुजी

नमस्कार. घाईत लिहितो आहे, कारण उद्या सकाळी नऊला ट्रॅक्टर येणार आहे.

गाडी टेम्पो ट्रॅव्हलर, १९९९ ची, ओएम ६१६ इंजिन. निवृत्त झाल्यावर मी आणि सौ.नी तिच्यात घर केलं. मागे पलंग, शेगडीचा ओटा, ६० लिटरची पाण्याची टाकी, बरण्या हलू नयेत म्हणून सुताराकडून कोरून घेतलेली फळी. माहूर, शेगाव, नर्मदा परिक्रमा, सगळं हिच्यातूनच झालं.

परवा परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे चिखलदऱ्याला निघालो. मे महिना, दुपारचे दोन. मोथ्याच्या अलीकडे चढावर गरमीचा काटा लाल पट्टीत गेला. गाडी उभी करायला सावली शोधत होतो, तेवढ्यात काटा झरकन खाली आला. मला वाटलं वारा लागून निवली. आणखी किलोमीटरभर चालवली. मग मागून पांढरा धूर, ओढ गेली आणि इंजिन आपोआप बंद. रेडिएटरमध्ये पाण्याचा थेंब नव्हता. अर्ध्या तासाने पाणी ओतलं, गाडी चालू झाली, पण थरथरत होती आणि रेडिएटरच्या तोंडातून सारखे बुडबुडे येत होते. बंद केली. टोचन लावून परतवाड्याला व्याह्यांच्या वाड्यात आणली.

सकाळी स्टार्टर मारला तर एकच 'टक्'. बॅटरी नवी आहे. मिस्त्री म्हणाले इंजिन जाम झालं, बोअर, पिस्टन, क्रँक सगळं करावं लागेल, १ लाख १० हजार. नाहीतर ट्रॅक्टरने ओढून तिसऱ्या गिअरात क्लच सोडून बघू, सुटलं तर सुटलं.

पेन्शनीतून एवढे काढणं जड आहे. पण गाडी भंगारात द्यायची म्हटलं की सौ.च्या डोळ्यात पाणी येतं, आणि मलाही बोलवत नाही. ओढू की नको, एवढंच सांगा.

अकोटचा ट्रॅक्टरवाला

गुरुजी, ओढू नोका. ट्रॅक्टर आला तरी वापस पाठवा, डिझेलचे पैसे देऊन द्या त्याले.

गरमीनं जाम होनारं इंजन दुपारीच जाम झालं असतं. तुमचं तं अर्ध्या घंट्यानं चालू झालं, मंग रातच्यातून जाम काहून होईन? हेड अन् ब्लॉकच्या मधातली गॅस्केट गेली असन अन् रातभर पानी झिरपून एखाद्या पिस्टनवर बसलं असन. पानी काही दबत नाही. स्टार्टर अडला तं नुसतं टक् होते, पन ट्रॅक्टरच्या जोरानं ओढलं तं पिस्टनचा रॉड वाकते. माह्याच ट्रॅक्टरचं सांगतो. नाल्याच्या पुरात एअर क्लीनरातून पानी आत गेलतं, आमी दुसरा ट्रॅक्टर लावून ओढला, कडकन आवाज आला अन् रॉड ब्लॉक फोडून बाहेर. ते इंजन मंग भंगारातच गेलं.

पयले बॅटरीची तार काढा. चारही हीटर (ग्लो प्लग) खोला. गाडी न्यूटल करा, क्रँकच्या पुलीच्या बोल्टाले २७ चा पाना लावा अन् समोर उभं राहून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं हातानं फिरवा, हळू. दोन चक्कर पुरे फिरलं तं जाम नाही. हीटरच्या भोकासमोर तोंड नेऊ नोका. अन् चेंबरचा (इंजनाच्या खालच्या ऑइलच्या टाकीचा) नट ढिला करून पाहा, पयले पानी येते का ऑइल.

पुसद ७८

एवढ्या जुन्या गाडीला खर्च कशाला? दुसरं जुनं इंजिन टाकून मोकळे व्हा.

दर्यापूरचे गुरुजी

ट्रॅक्टर परत पाठवला.

सकाळी सहालाच बसलो, ऊन व्हायच्या आत. पहिले दोन हीटर सरळ निघाले. तिसरा ओला निघाला, टोकावर तांबूस पाणी. चौथा गंजून बसला होता, त्याला डिझेल पाजून तासभर ठेवला. मग जावयांनी पाना लावला. पाव चक्कर फिरला आणि तीन नंबरच्या भोकातून पाण्याची चिळकांडी उडाली, समोरची भिंत भिजली. चहाचा कपभर तरी असेल. त्यानंतर पाना गोल फिरला, दोन चक्कर, चार चक्कर, कुठेही अडकला नाही. अकोटच्या भाऊ, तुमचे उपकार कसे सांगू!

पण चेंबरच्या नटातून आधी अर्धा लिटर पाणी आलं आणि मग दुधाळ चहासारखं ऑइल. आता पुढे? पुसदच्या भाऊ, जुनं इंजिन आणलं तरी हे का गेलं हे कळल्याशिवाय तेही घाटात जाईलच की.

खामगावचा पंपवाला

गुरुजी, आता घाई करू नका. खराब ऑइल पूर्ण काढा, फिल्टर बदला, स्वस्तातलं ऑइल भरा. हे ऑइल फक्त तपासणीपुरतं. मग हीटरच्या भोकातून कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरचा दाब) घ्या. गेज डिझेलचं हवं, ४० किलोपर्यंतचं. पेट्रोल गाडीचं गेज यावर चालत नाही. सोलेनॉइड किंवा हाताने डिझेल बंद ठेवा, चारही हीटर काढलेले असू द्या आणि प्रत्येक सिलिंडरला स्टार्टर सारखाच वेळ मारा.

हे प्रीचेंबरचं इंजिन आहे, म्हणजे डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात पेटतं. चांगल्या अवस्थेत २२ ते २४ मिळतं. १५ च्या खाली म्हणजे काम आलं, आणि सिलिंडरा-सिलिंडरात ३ पेक्षा जास्त फरक नको. शेजारशेजारचे दोन कमी आले तर मधली गॅस्केट फुटली समजा. एकच कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घ्या. वाढला तर रिंग, नाही वाढला तर वॉल्व किंवा हेड.

इंजेक्शन पंपाला कोणालाही हात लावू देऊ नका. तुमच्या तक्रारीत पंपाचा काही संबंध दिसत नाही.

दर्यापूरचे गुरुजी

एक : २१. दोन : २१. तीन : ९. चार : १२.

खामगावचा पंपवाला

तीन आणि चारच्या मधून गॅस्केट गेली. हेड काढा. चेनला आणि कॅमच्या (वॉल्व उघडणाऱ्या दांड्याच्या) चक्राला एकाच जागी तार बांधून खूण ठेवा, आणि चक्र काढायच्या आधी चेन ताणून धरणारा टेन्शनर बाहेर काढा. नाहीतर तो पुढे सरकून बसतो आणि बसवताना चेन ताठ होते.

हेड बिडाचं आहे. तापलेल्या बिडावर थंड पाणी पडलं की वॉल्वच्या मधे चीर जाण्याची भीती असते, म्हणून फेस मारायच्या (लेथवर घासून सपाट करायच्या) आधी चीर तपासून घ्या. फेस मारला तर प्रीचेंबर तेवढे खाली डोकावतात, त्यांचे सील जाड घालून पातळी परत आणावी लागते. लेथवाले हे विसरतात, तुम्ही समोर उभे राहा. चेंबर उतरवून एक मेन आणि एक रॉड बेअरिंगही उघडून पाहा, पाणीमिश्रित ऑइलवर चाललं आहे ते.

एसटी वर्कशॉप, निवृत्त (अकोला)

गुरुजी, काटा खाली आला तेव्हा गाडी निवली नव्हती. सेन्सरभोवतीचं पाणी संपलं होतं, काटा हवा मोजत होता. हे सगळ्यांनी लक्षात ठेवावं म्हणून लिहिलं. लाल पट्टीत गेल्यावर काटा एकदम पडला तर जागेवर बंद करा, सावली नसली तरी.

आता मला एक सांगा. रेडिएटरमध्ये इतकी वर्षं कोणतं पाणी घालत होता?

दर्यापूरचे गुरुजी

घरच्या बोअरवेलचं.

एसटी वर्कशॉप, निवृत्त (अकोला)

दर्यापूर म्हणजे पूर्णेचा खारपाणपट्टा. जे पाणी आपण पीत नाही, ज्याने जमीन चोपण होते, ते इंजिनाला दहा वर्षं पाजलं तर काय होईल? वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) उघडून आतला पंखा बघा. आणि रेडिएटर पुढून पाण्याने धुवा, सोयाबीनच्या हंगामातलं कुटार (भुसा) जाळीत बसलेलं असतं.

दर्यापूरचे गुरुजी

सगळं झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं, म्हणून १२ दिवस लागले.

गॅस्केट तीन-चारच्या मधोमध जळालेली निघाली, बोटाच्या नखाएवढी जागा. हेडला चीर नाही, अमरावतीला तपासून घेतलं. फेस मारावा लागला, प्रीचेंबरचे सील बदलले, मी पूर्ण वेळ लेथसमोर स्टुलावर बसून होतो. बेअरिंगवर बारीक रेघा होत्या, सगळेच नवे टाकले. बोअर शाबूत आहे, घासल्याच्या जुन्या तिरप्या रेघाही अजून दिसतात.

वॉटर बॉडीचा पंखा मात्र हातात घेतला आणि गप्प झालो. पाती कडेने खाल्लेली, दोन तर अर्धीच उरलेली. रेडिएटरच्या नळ्यांत पांढरा खडू भरावा तसा थर. जाळीत खरंच कुटार निघालं, आणि कापसाचे तंतू. रेडिएटरची कोअर नवी, वॉटर बॉडी नवी, होज नवे. थर्मोस्टॅट मागे कोणीतरी काढून टाकला होता, तोही बसवला. एकूण ३८ हजार, मजुरी धरून.

काल संध्याकाळी सातला चालू केली. पहिल्याच चावीला. चारदा तपासलं, बुडबुडे नाहीत. सौ.नी बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं.

आता निम्मं कूलंट आणि निम्मं बॅटरीचं (डिस्टिल्ड) पाणी भरलं आहे. गाडीत त्याचीच पाच लिटरची कॅन बांधून ठेवली. बोअरवेलच्या पाण्याची बादली सौ.नी गाडीजवळून उचलून थेट न्हाणीत नेऊन ठेवली. गुरुवारी पहाटे चारला निघतो, ऊन चढायच्या आत मोथा ओलांडायचा आहे.

अकोटचा ट्रॅक्टरवाला

गुरुजी, घाटात दुसऱ्या गिअरात राहा, अन् वर पोचल्यावर दोन मिनिटं चालूच ठेवून मंग बंद करा. वापस येतानी अकोटावरून या, जेवून जासान.