जीवनसत्त्व ‘क’, जीवनसत्त्व ‘के’ आणि ‘मार्कर’ला मराठीत काय म्हणायचं?

उत्तरेश्वरकर
प्रश्न शब्दाचा आहे, पण सुरुवात काकांच्या ताटापासून करावी लागेल.

काकांची हृदयाची झडप बदलून चार वर्षं झाली. धातूची झडप, म्हणजे वॉरफरिन जन्माचं. घरात तिला ‘रक्त पातळ व्हायची गोळी’ म्हणतात. खरं तर तिनं रक्त पातळ होत नाही, गुठळी धरायला वेळ लागतो एवढंच. पण ‘गोठणरोधक’ म्हटलं तर काकू फ्रीजशी संबंध लावतील, म्हणून मी गप्प बसतो. काकांचा आयएनआर, म्हणजे रक्त गुठळी धरायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, २.५ ते ३.५ च्या मध्ये राहायला पाहिजे. गेल्या महिन्यात आला १.६. डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात काही बदल? काका छातीठोकपणे म्हणाले, “आहाराचा कागद भिंतीला लावलाय. त्याच्याबाहेर एक घास नाही.”

घरी येऊन मी कागद वाचला. ‘जीवनसत्त्व क असलेले पदार्थ मर्यादित घ्यावेत.’ काका जुनी अकरावी. ‘क’ म्हणजे लिंबू, आवळा, पेरू हे त्यांना झोपेतही पाठ. हे सगळं त्यांनी बंद केलेलं, मिसळीवर लिंबूसुद्धा पिळेनात. आणि फळं बंद झाली म्हणून काकूंनी भाजी वाढवली: एक दिवस मेथी, एक दिवस पालक, वर मूठभर कोथिंबीर. वॉरफरिनच्या नेमकं उलट काम करणारं जीवनसत्त्व ठासून भरलेलं असतं ते या पाल्यातच.

मूळ इंग्रजी कागदावर ‘के’ हे अक्षर असणार. भाषांतर करणाऱ्यानं त्याचा ‘क’ केला. कागद कुठला ते सोडून द्या. मला दोन गोष्टी विचारायच्यात. या अक्षरांचं मराठीत काय करायचं? आणि त्याच फाइलमध्ये ‘कार्डियाक रिस्क मार्कर्स’ असं एक पान आहे, त्यातल्या ‘मार्कर’ला काय म्हणायचं?

निवृत्त मास्तर
घोटाळ्याचं मूळ आपल्या शाळेत आहे. इंग्रजीतली पहिली चार अक्षरं आपण उच्चारानं घेतली नाहीत, क्रमानं घेतली. तुकडी अ, ब, क, ड. त्रिकोण अबक. त्याच चालीवर जीवनसत्त्व अ, ब, क, ड. हिंदीवाल्यांनी सरळ ‘विटामिन सी’ ठेवलं, त्यांना हा त्रास नाही. आपण तिसऱ्या अक्षराला ‘क’ देऊन बसलो आणि पुढं खरंच ‘के’ नावाचं जीवनसत्त्व आलं, तेव्हा आपल्याकडे जागा शिल्लक नव्हती. एका मात्रेवर माणूस तोलायची वेळ आली.

त्यात हे ‘के’ इंग्रजी क्रमातलं नव्हेच. डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांनी ते शोधलं आणि रक्त गोठण्याला त्यांच्याकडे जो ‘कोआगुलेशन’ शब्द आहे, त्याचं पहिलं अक्षर (तिकडे तो K नं लिहितात) त्याला दिलं. १९४३ चं नोबेल त्यासाठीच. म्हणजे नावातच काम सांगितलं होतं. ‘गोठणसत्त्व’ म्हटलं असतं तर तुमचे काका वाचले असते.

आणि ‘क’चा अपमान नको. सेंट-ग्यॉर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञानं ते भरपूर प्रमाणात वेगळं काढलं ते पाप्रिका मिरचीतून. लिंबातून नव्हे, मिरचीतून! १९३७ चं नोबेल. कोल्हापुरात याचा पुतळा कसा नाही याचं नवल वाटतं.

जाता जाता: सत्त्व, तत्त्व, महत्त्व. तिन्हींत त दोनदा. पाकिटांवर ‘जीवनसत्व’ वाचलं की माझाच रक्तदाब वाढतो.

मेडिकलवाला राजारामपुरी
मास्तर, गिऱ्हाइकाला दोन त काय न् एक त काय. त्याला कळतो तो ‘सत्त्व’ हा शब्द, आणि तिथंच गोची आहे. आपल्याकडे सत्त्व म्हणजे नाचणीचं सत्त्व, गुळवेलीचं सत्त्व. सगळ्याचा अर्क, सगळी ताकद. दुकानात रोज ऐकतो, “ताकदीच्या गोळ्या द्या.” म्हणजे बी-कॉम्प्लेक्स. नाव ‘व्हिटॅमिन’ ठेवलं १९१२ साली फंक या शास्त्रज्ञानं, तेव्हा त्याला ती सगळी अमाइन जातीची रसायनं वाटली होती. तसं नाही हे कळल्यावर इंग्रजी नावाचं शेवटचं अक्षर १९२० मध्ये छाटलं. त्यांनी चूक सुधारली. आपल्या सत्त्वातली ताकद मात्र कोण छाटणार?

हृदयासाठी म्हणून जीवनसत्त्व इच्या कॅप्सूल एके काळी किती खपल्या, विचारू नका. ‘होप’ नावाच्या मोठ्या चाचणीचा निकाल २००० साली आला. रोज ४०० युनिट, साडेचार वर्षं. अटॅक कमी झाले नाहीत. तरी अजून येतात, “हार्टसाठी ते हिरवं कॅप्सूल द्या.”

काकांसाठी एकच सांगतो: पालेभाजी एकदम बंद पण करू नका. रोज साधारण तेवढीच खायची, त्या हिशेबानं डॉक्टर गोळी बसवतात. आठवडाभर शून्य आणि रविवारी पातेलंभर पालक, हे नको.

तालमीतला
आमच्यात आहार न्हाई, खुराक. दूध, बदाम, थंडाई, तूप. खुराक म्हणजे वाढवायचा आणि पथ्य म्हणजे तोडायचं. ‘डाएट’ म्हणजे काय ते मला अजून कळलं न्हाई. वहिनी म्हणत्यात डाएट चालू हाय, आणि समोर भेळ. फंकसाहेबांचं १९१२ वाचून बरं वाटलं, आपलं खासबाग कुस्तीचं मैदान पण त्याच साली बांधून झालंय. कुस्ती सुटली तरी खुराक सुटत न्हाई, म्हणून आमच्यातल्या लई जणांची पोटं आणि रिपोर्ट बिघडल्यात. गंगावेशीत धारोष्ण दूध पिऊनच सांगालोय.

निवृत्त मास्तर
पथ्य म्हणजे नुसतं तोडणं नव्हे हो. ‘पथ’ म्हणजे वाट, वाटेला धरून असलेलं ते पथ्य. म्हणून तर एखादी गोष्ट ‘पथ्यावर पडते’, म्हणजे फायद्याची ठरते. खाणं कमी करणं हा अर्थ आपण नंतर लादला.

लॅबमधली
मी रक्त काढते, त्यामुळे माझा जिव्हाळ्याचा शब्द वेगळा आहे: ‘उपाशीपोटी’. आमच्याकडे नव्यानं लागलेल्या एका मुलीनं फोनवर एका आजींना सांगितलं, “उद्या लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी आहे, उपवास करून या.” आजी सकाळी साबुदाण्याची खिचडी खाऊन आल्या. वरून दाण्याची आमटी. त्यांचं काय चुकलं? उपवास केलाच होता की! ट्रायग्लिसराइड आलं ३४०. आठ दिवसांनी खरोखर उपाशी बोलावलं तेव्हा १९०. एकादशी आणि दुप्पट खाशी, ते रिपोर्टवर छापून आलं. (एलडीएल, म्हणजे ज्याला ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतात ते, मात्र दोन्ही वेळेला जवळपास तेवढंच. जेवणानं उसळतं ते ट्रायग्लिसराइड. म्हणून हल्ली बरेच डॉक्टर लिपिडसाठी उपाशी यायचा आग्रह धरत नाहीत.)

अक्षरांचा आणखी एक फास सांगते. रक्तातून कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण आहे, ‘लायपोप्रोटीन ए’. इंग्रजीत त्यातला ए लहान लिपीतला असतो, आणि ‘चांगलं कोलेस्टेरॉल’ म्हणवल्या जाणाऱ्या एचडीएलवरच्या ‘अपो ए’मधला मोठा. दोन्ही संपूर्ण वेगळे पदार्थ. पहिला जास्त असला तर जोखीम वाढते, तो जन्मतः आईवडिलांकडून येतो आणि पथ्यानं फारसा हलत नाही. आपल्या लिपीत लहान-मोठं अक्षरच नाही. मी मराठीत समजावताना ‘धाकटा ए’ म्हणते. लोक हसतात, पण विसरत नाहीत.

उत्तरेश्वरकर
‘धाकटा ए’ लई भारी. ताई, मार्करचं पण सांगा की.

लॅबमधली
आमच्यात ‘मार्कर’च म्हणतात. मराठी पत्रकांत ‘सूचक’, ‘निर्देशक’, ‘दर्शक’ बघितलेत. ‘लक्षण’ पण बघितलंय, ते साफ चूक. लक्षण पेशंटला जाणवतं, छातीत दुखतं, दम लागतो. कोलेस्टेरॉल २६० झालं म्हणून कुणाला काही जाणवत नाही.

निवृत्त मास्तर
‘सूचक’ म्हटलं की मला ‘ती सूचक हसली’ आठवतं, नाहीतर सोसायटीच्या सभेतले सूचक-अनुमोदक. ‘दर्शक’ बरा, दिशादर्शकमध्ये रुळलेला आहे. पण साधा ‘खूण’ का नको?

उत्तरेश्वरकर
‘खूण’ला माझं मत. कारण आपल्याकडे हा विषय दर पावसाळ्यात सगळ्या गावाला येतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर फुटांची पट्टी आहे. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. जुलैत सकाळी उठून दात घासायच्या आधी लोक पातळी विचारतात. २०१९ ला ती ५५ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमच्या गल्लीत नाव फिरत होती. आता पट्टीवरचा आकडा कुणी पुसला किंवा खाली रंगवला, तर पाणी उतरतं का? मार्कर म्हणजे ही पट्टी. रिपोर्ट सुधारला म्हणजे हृदय सुधारलं असं होत नाही, हे ‘खूण’ या शब्दात आपोआप येतं.

‘धोका’ आणि ‘जोखीम’ हाही फरक इथंच दिसतो. ४३ फुटांना धोका आहे, हो किंवा नाही. जोखीम मात्र ३० फुटांनाही थोडी असते, ती मोजायची गोष्ट. म्हणून ‘रिस्क’ला जोखीम. शिवाय ‘हृदयाला धोका’ म्हटलं की वाचणाऱ्याला आधी प्रेमभंगच आठवतो.

मेडिकलवाला राजारामपुरी
पट्टी पुसायचं उदाहरण प्रत्यक्षात घडलंय भावा. होमोसिस्टीन, रक्तातलं एक अमिनो आम्ल. ते १५ मायक्रोमोलच्या वर असलं की हृदयविकार जास्त दिसतो. ते वाढतं कशानं? बी-१२, फोलेट, बी-६ कमी पडल्यावर. बी-१२ दूध, अंडी, मटण, मासे यांतूनच मिळतं, त्यामुळे शाकाहारी माणसात कमतरता भरपूर. पुण्यात डॉ. याज्ञिकांनी यावर बरंच काम केलंय. मग सगळ्यांना वाटलं, सोपं आहे, गोळ्या द्या, होमोसिस्टीन उतरवा, अटॅक टळेल. २००६ ला ‘होप-२’चा निकाल आला. साडेपाच हजार माणसं, पाच वर्षं. होमोसिस्टीन छान उतरलं. अटॅक आणि हृदयविकारानं होणारे मृत्यू उतरले नाहीत. त्याच वर्षी नॉर्वेतल्या चाचणीतही तेच.

म्हणून बी-१२ फालतू असं कुणी म्हणू नका. कमी असलं तर मुंग्या येतात, रक्त कमी होतं, तोल जातो, त्यासाठी घ्यायचंच. हृदयाच्या नावावर खपवायचं नाही, इतकंच.

लॅबमधली
सीआरपी, म्हणजे शरीरात कुठं दाह असला की रक्तात वाढणारं प्रथिन, पण तसलंच. एकच्या खाली चांगलं, तीनच्या वर जोखीम जास्त, हे बरोबर. पण दाढ सुजलेला माणूस आला तरी ते चढतं. आग कुठंतरी लागलीय एवढं सांगतं, कुठं ते सांगत नाही. खूणच.

निवृत्त मास्तर
थांबा. मीच सुचवलेला शब्द आता मलाच टोचतोय. एलडीएललाही खूणच म्हणायचं का? ते उतरवल्यावर माणसं वाचतात असं ऐकून आहे. मग ती पट्टी कशी?

मेडिकलवाला राजारामपुरी
बरोबर पकडलंत, सर. १९९४ च्या स्कँडिनेव्हियन चाचणीत ४,४४४ हृदयरोग्यांपैकी निम्म्यांना स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध दिलं, त्यांच्यात मृत्यू सुमारे ३० टक्के कमी. जन्मतःच एलडीएल फार असलेल्या घराण्यांत ऐन तरुणपणी अटॅक येतात. एलडीएल स्वतः रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून बसतं. ती पट्टी नव्हे, ते पाणीच.

उलट एचडीएलला सगळे ‘चांगलं कोलेस्टेरॉल’ म्हणतात. नायसिन, म्हणजे ब गटातलंच जीवनसत्त्व, मोठ्या डोसात दिलं की ते वाढतं. २०१४ च्या पंचवीस हजार लोकांच्या चाचणीत ते वाढलं आणि फायदा काही झाला नाही, उलट त्रास वाढला. तो ‘चांगलं’ शब्द आधी काढा बघू.

उत्तरेश्वरकर
म्हणजे एकच शब्द पुरत नाही. इंग्रजीत पाणी आणि पट्टी दोघांनाही ‘मार्कर’ म्हणून चालतं, म्हणून त्यांचा घोटाळा झाला. आपण कशाला तोच उसना घ्यायचा? होमोसिस्टीन, सीआरपी यांना ‘खूण’. एलडीएलला ‘कारक’. आणि धाकट्या एला?

मेडिकलवाला राजारामपुरी
पुरावा कारकाच्या बाजूचा आहे. पण फक्त तेवढंच उतरवून माणसं वाचतात, हे सिद्ध झाल्याचा निकाल मी तरी वाचलेला नाही.

निवृत्त मास्तर
मग तूर्त ‘संशयित’ लिहा. पोलिसांना चालतो, आपल्यालाही चालेल.

तालमीतला
ह्या सगळ्यात मिसळीचा कट कशात बसतो? खूण का कारक?

लॅबमधली
कट तेलाचा. कुठलं तेल, किती वेळा तापवलेलं, आणि आठवड्यातून किती वेळा, त्यावर. तुमचं एलडीएल बघून सांगते, या एकदा.

उत्तरेश्वरकर
काकांच्या कागदावर काल पेननं दुरुस्ती केली. ‘क’ खोडून ‘के (मेथी-पालकातलं)’ लिहिलं, आणि ‘मर्यादित’ खोडून ‘रोज सारखंच’. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि लगेच लिंबू मागितलं. काकू म्हणाल्या, एवढ्या एका मात्रेपायी महिनाभर मिसळ बेचव खाल्ली या माणसानं.

गुरुवारी परत आयएनआर आहे. ताई, उपाशीपोटी यायचं का?

लॅबमधली
आयएनआरला नाही लागत. चहा पिऊन या. आणि कृपा करून त्यांना उपवास सांगू नका.