ज्युरी 'डिस्चार्ज' झाली : बरखास्त, बडतर्फ की मोकळी?

ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या २०२२च्या लैंगिक अत्याचाराच्या एका खटल्यावरचा लेख मराठीत करते आहे. दिवसाचं काम संपल्यावर ज्युरीची (आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या गटाची) खोली आवरताना कर्मचाऱ्याचा धक्का लागून एका सदस्याची फाइल खाली पडली आणि आतून लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींवरचा एक अभ्यासलेख डोकावला. बाहेरचं काही शोधू नका, असं मुख्य न्यायमूर्तींनी निदान १७ वेळा बजावलं होतं. २७ ऑक्टोबरला त्यांनी अख्खी ज्युरी 'डिस्चार्ज' केली. मी लिहिलं, 'पंचाच्या गैरवर्तनामुळे पंचमंडळ बडतर्फ'. पण मन भरत नाही. काय लिहावं?

*

ताई, आधी 'पंच' काढा. मी सत्र न्यायालयात बरीच वर्षं शिरस्तेदार होतो. तिथे पंच म्हणजे पंचनाम्यावर सही करणारा, चाकू जप्त होताना शेजारी उभा असलेला माणूस. 'पंच फिरला' हे तिथलं रोजचं वाक्य. तुमचं वाक्य वाचून माझ्यासारख्याला पंच साक्षीच्या पिंजऱ्यात दिसतो, निवाडा करायला बसलेला दिसत नाही.

'बडतर्फ' तर मुळीच नको. बडतर्फ होतो तो नोकर, आणि त्याच्या माथी ठपका असतो. इथे एकाचं चुकलं. बाकीचे अकरा जण कित्येक दिवस कान देऊन साक्षी ऐकत होते. त्यांना त्याच शब्दात गोवणं मला अन्यायाचं वाटतं. कोश उघडून कुणी 'ज्युरी दोषमुक्त' लिहील, तर आणखी अनर्थ. आपल्याकडे आरोप ठेवण्यापुरताही आधार नसेल तेव्हा आरोपीला सोडतात, त्या डिस्चार्जचा तो शब्द.

मी 'बरखास्त' लिहीन. फारसीत 'बरखास्तन' म्हणजे उठणं. सभा बरखास्त होते तेव्हा बसलेली माणसं उठतात, इतकंच. त्यात कुणाच्या दोषाचा उच्चार नाही.

*

बरखास्त पटलं. फक्त एक जपा : इंग्लंडमध्ये एकालाच काढून उरलेल्यांवर खटला पुढे चालवता येतो, संख्या नवाच्या खाली जाऊ दिली नाही म्हणजे झालं. तिथे 'एका ज्युरीला काढलं' असं लिहितात ते चूक. ज्युरी म्हणजे सगळे मिळून. एकट्याला 'ज्युरर' म्हणा किंवा 'ज्युरीतला सदस्य', आणि त्याला 'वगळलं' म्हणा.

आता 'गैरवर्तन'. हा शब्द आज वर्तमानपत्रात ज्या अर्थाने येतो, त्यामुळे वाचक भलतंच समजेल. त्यात तुमचा खटला लैंगिक अत्याचाराचा! सिडनीत २००८ साली अमली पदार्थांचा खटला तीन महिने चालून मोडला. ज्युरीतले काही जण मन लावून टिपणं घेताहेत असं सगळ्यांना वाटत होतं. आरोपीच्या लक्षात आलं की एकीचं पेन आडवं नाही, उभं चाललंय. सुडोकू सोडवणं चालू होतं. शंभरावर साक्षीदार तपासून झाले होते. याला मी 'कर्तव्यात कसूर' म्हणेन. कसूर म्हणजे कमी पडणं. कॅनबेराचा प्रकार निराळा : तो सदस्य कमी पडला नाही, नको तिथे गेला. पुराव्यावरूनच निर्णय देईन, हे वचन त्याने मोडलं. म्हणून तिथे 'शपथभंग'. पैसे खाल्ले असते तर 'फितूर' शोभला असता. तीन करण्या वेगळ्या, त्यांना एकच झूल घालू नये.

*

'शपथभंग' छान. आणि ज्युरीच्या निर्णयाला 'निकाल' न म्हणता 'कौल' म्हणू या का? निकाल न्यायाधीशाचा, कौल ज्युरीचा. मुंबईतल्या गाजलेल्या नानावटी खून खटल्यात ज्युरीने ८ विरुद्ध १ असा 'निर्दोष' कौल दिला. तो न पटून न्यायाधीशांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली. तेव्हा 'ज्युरी बरखास्त केली' असं जे अजून लिहिलं जातं, ते चूक आहे. कौल येण्याआधी उठवली तर बरखास्ती. कौल आल्यावर काही उघडकीला आलं, तर कौल रद्द.

ब्रायटनचं प्रकरण असंच. खुनाच्या खटल्यात ज्युरी रात्री हॉटेलात मुक्कामाला असताना चौघांनी पेला उपडा घालून प्लँचेट केलं आणि मेलेल्यालाच विचारलं, तुला कुणी मारलं? 'दोषी' कौल देऊन झाल्यावर हे बाहेर आलं. १९९४ साली अपील न्यायालयाने शिक्षा रद्द करून फेरखटला लावला, त्यात आरोपी पुन्हा दोषी ठरला. कोकणातले आम्ही देवापुढे कौल लावतो, त्याला पाकळ्या असतात, विधी असतो, आणि तो सगळ्यांच्या देखत लागतो. हॉटेलातल्या त्या खोलीतलं मात्र काहीच आरोपीच्या वकिलाला दिसलं नव्हतं, त्यावर उलटतपासणी घेता आली नव्हती. बाहेरचा लेख वाचण्यातला दोषही हाच.

*

सगळ्यांचे आभार. आता असं झालंय : 'एका सदस्याने शपथभंग केल्याचं उघड झाल्याने न्यायमूर्तींनी कौल येण्याआधीच ज्युरी बरखास्त केली, खटला नव्याने चालणार.'

*

शेवटचे तीन शब्द काढा, ताई. बरखास्तीने आरोपी सुटत नाही हे सांगायची तुमची तळमळ कळली, पण इथे फेरखटला झालाच नाही. तक्रारदार महिलेच्या प्रकृतीला धोका आहे म्हणून सरकार पक्षाने डिसेंबरात खटला मागे घेतला. 'खटला कौलाविना राहिला' एवढंच लिहा.