जुन्या मोटारीच्या दरवाजांवरचा रंग कसा उतरवावा?

प्रश्न: घरीच दुरुस्तीला घेतलेल्या जुन्या मोटारीच्या दरवाजांवर रंगाचे किमान चार थर आहेत. वरचा थर नखानेही पापुद्र्यासारखा सुटतो, पण खालचा हिरवा थर काही केल्या हलत नाही. सँडब्लास्टिंग करावे की रिमूव्हर (रंग सोडवणारे रसायन) वापरावे?

उत्तर: दरवाजे, बॉनेट आणि छत यांवर सँडब्लास्टिंग करू नये, कारण वाळूच्या जोरदार माऱ्याने पातळ पत्रा ताणला जाऊन वेडावाकडा होतो. रिमूव्हरचा जाड थर देऊन वर प्लास्टिकचा कागद अंथरला, तर ते लवकर सुकत नाही आणि रंग फुगून त्यावर सुरकुत्या पडतात. त्याच वेळी तो पट्टीने खरवडावा. सांध्यांमध्ये मात्र रिमूव्हर शिरू देऊ नये. माझ्या गाडीत ते राहिले आणि नव्या रंगाला काठाकाठाने फोड आले.

दुसरे उत्तर: जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा न घासता पाणी लावून घासावा. धुळीचा मास्क रिमूव्हरच्या वाफा अडवत नाही, त्यामुळे ते काम उघड्यावरच करावे. रंग मऊ करण्यासाठी गरम हवा सोडणारी हीट गनही जपून वापरावी. काही जुन्या गाड्यांच्या सांध्यांत शिसे-कथलाचा भराव असतो आणि तो १८३ अंश सेल्सिअसपासूनच वितळू लागतो.

प्रश्नकर्ता: उघडा पत्रा किती दिवस ठेवता येईल?

पहिले उत्तरकर्ते: दिवस कसले, दमट हवेत काही तासांतच त्यावर गंजाची तांबूस झाक येते. एका वेळी एकच दरवाजा घ्यावा, तो नीट पुसून कोरडा करावा आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर (रंगाआधीचा गंजरोधक अस्तर-थर) मारावा.