प्रतिसाद: तेल आणि जीवनसत्त्वं

मांसासाठी पोसलेल्या गुरांसारख्या रवंथ करणाऱ्या जनावरांना रोज तेल पाजलं आणि जीवनसत्त्वं दिली की पचन सुधारतं, असा दावा केला जातो. तेलाने बहुधा उलटंच होतं. आहाराच्या शुष्क भागात (पाणी वगळून उरतो तो) एकूण स्निग्धांश 6-7 टक्क्यांवर गेला की कोटीपोटातले (पोटाचा पहिला, मोठा कप्पा) चाऱ्याचे तंतू पचवणारे जिवाणू दबतात, त्यातही असंतृप्त तेलाने जास्त. शेण चाळणीवर धुऊन बघा, चाऱ्याचे लांब तुकडे तसेच सापडतील. बायपास फॅट (कॅल्शियमशी बांधलेला, कोटीपोटात न विरघळता पुढे जाणारा स्निग्धांश) बरं, पण धान्य जास्त असलं की आम्लता वाढते आणि कॅल्शियमशी असलेला तो बंधही सुटतो.

जीवनसत्त्वांनी पचन वाढेल ही आशा सोडा. बी गटातली कोटीपोटातले जिवाणूच बनवतात (आम्लता झाली तर थायमिन, म्हणजे बी1, मात्र कमी पडतं). ए आणि ई बाहेरून लागतात, विशेषतः हिरवा चारा नसताना.