'पराधीन आहे जगती' : गीतरामायणाचं सूत्र खरंच दैववाद आहे का?

दहावा_अंतरा

शोकसभा, श्रद्धांजलीचे लेख, व्हॉट्सअ‍ॅपवरचे सांत्वनाचे निरोप, सगळीकडे ही एक ओळ ठरलेली. आणि तिच्याच जोरावर पुढचं विधान ठोकून दिलं जातं की गीतरामायण म्हणजे गदिमांनी (ग. दि. माडगूळकर) लिहिलेली, नशिबापुढे मान तुकवायला शिकवणारी ५६ गाणी. मला हे वाचन साफ चुकीचं वाटतं, म्हणून हा धागा.

गाणं क्रमाने २५वं. स्थळ चित्रकूट. बोलणारा राम, ऐकणारा भरत. रामाला काम एकच साधायचंय, भरताने परत जाऊन राज्य सांभाळावं. सुटं ऐकलं की हा प्रसंगच गळून पडतो. २३व्या गाण्यात भरत कैकेयीला 'माता न तू, वैरिणी' म्हणून आलाय. २४व्यात लक्ष्मण सैन्य बघून रामाला चापबाण घ्यायला सांगतोय. या दोन संतापांवरचा उतारा म्हणून २५वं गाणं येतं. 'माय कैकयी ना दोषी' हे विश्वाबद्दलचं विधान नाही, ते २३व्या गाण्याला दिलेलं थेट उत्तर आहे.

आता अंतरे मोजा. एकूण दहा. पहिल्या सहांत नश्वरता, वियोग, सागरात भेटून लाटेने दुरावणारे दोन ओंडके वगैरे. सातव्यापासून भाषा बदलते. डोळे पूस, तुझा-माझा प्रवास वेगळा, तू राजा, मी वनातला रंक, ही कामाची वाटणी झाली. आठव्यात पितृवचन. नवव्यात मुदत, 'दशोत्तरी चार' म्हणजे १४ वर्षं, आणि ती संपल्याशिवाय येणार नाही हे त्रिवार सांगणं. दहाव्यात ताकीद की पुन्हा कुणी इथवर येऊ नका, आणि भरताला जबाबदारी की अयोध्येचा मान वाढव. सगळं दैवावर सोडणारा माणूस मुदती घालून देत नाही.

कार्यक्रमांतून सहसा यातले तीन-चार अंतरे गायले जातात आणि ओंडक्यांवर गाणं संपतं. दैववाद गदिमांनी लिहिला नाही, तो या काटछाटीतून तयार झालाय.

तर्कट

असहमत. काटछाटीवर खापर फोडून सुटका होणार नाही. दैववाद पहिल्याच अंतऱ्यात आहे, आणि तो कुणीच गाळत नाही. राज्यत्याग, वनवास 'सर्व कर्मजात', हा खेळ 'पूर्वसंचिताचा'. बाप दोषी नाही, आई दोषी नाही, सगळं मागच्या जन्माच्या खात्यावर. दरबारात जे घडलं ते माणसांनी केलं होतं. दशरथाने न विचार करता वर देऊन ठेवले होते, कैकेयीने ते वेळ साधून मागितले.

वाल्मीकींचा राम भरताला नुसतं तत्त्वज्ञान ऐकवत नाही. सर्ग १०७ मध्ये तो रोकडा मुद्दा मांडतो की दशरथाने कैकेयीशी लग्न करताना तिच्या वडिलांना राज्यशुल्काचं, म्हणजे लग्नाच्या बदल्यात राज्य देण्याचं, वचन दिलं होतं. म्हणजे राज्यावर भरताचा हक्क करारानेच येतो. हा कायदेशीर मुद्दा गदिमांनी या गाण्यात घेतलेला नाही. तो वगळायचा आणि पूर्वसंचित ठेवायचं, ही कवीची निवड आहे. तिची जबाबदारी वाद्यवृंदवाल्यांवर कशी टाकता?

पाठभेद

दोघांनीही मूळ संहिता, म्हणजे वाल्मीकिरामायण, शेजारी ठेवा, बरंच काही उलगडेल. दाक्षिणात्य पाठातला अयोध्याकांड, सर्ग १०५.

'नात्मनः कामकारोऽस्ति पुरुषोऽयमनीश्वरः', म्हणजे माणूस अनीश्वर, पराधीन आहे, हे आपलं ध्रुवपद. 'सर्वे क्षयान्ता निचयाः पतनान्ताः समुच्छ्रयाः' हा दुसरा अंतरा, जवळजवळ शब्दाला शब्द. 'यथा काष्ठं च काष्ठं च समेयातां महार्णवे' म्हणजे ओंडके. त्यामुळे 'गदिमांचा दैववाद' असं म्हणताना जरा जपून. सहा अंतऱ्यांचा बराचसा ऐवज वाल्मीकींचा आहे.

कैकेयीची निर्दोषता मात्र या सर्गातली नव्हे. ती सर्ग २२ च्या वळणाची आहे. तिथे राम लक्ष्मणाला सांगतो की माझ्या वनवासाला कृतांत कारण आहे. तर्कट, तुमचा मुद्दा इथे धरतो. वाल्मीकी कृतांत म्हणतात, म्हणजे बाहेरची शक्ती. गदिमा संचित म्हणतात, म्हणजे स्वतःचंच जुनं कर्म. बदल झालाय, पण तो तुम्ही म्हणता त्याच्या उलट दिशेने. रामाने दोष दुसऱ्यावरून उचलून स्वतःच्या खात्यावर घेतलाय. 'खेळ चाललासे माझ्या' मधला 'माझ्या' सोडून कसं चालेल?

तर्कट

मग त्याच्या पुढचा, २३वा सर्गही उघडा. लक्ष्मण तिथे उसळून म्हणतो, 'विक्लवो वीर्यहीनो यः स दैवमनुवर्तते'. दैवाच्या मागे दुबळे जातात. वाल्मीकी दैव मांडतात तसा त्याचा प्रतिवादही तितक्याच ताकदीने मांडतात. गीतरामायणात लक्ष्मणाचं 'रामाविण राज्यपदी कोण बैसतो' आहे, मान्य. पण शोकसभेत ते कोण लावतं? लोकांनी कोणता राम निवडला ते दिसतंच आहे.

मध्यम_तीव्र

शब्दांवरच चाललंय सगळं, चालीकडे कुणी बघेल का?

चाल यमन कल्याणातली, आणि सगळ्या अंतऱ्यांना तीच. सातव्या अंतऱ्यात शब्द वळतात, संगीत वळत नाही. 'नको आसु ढाळू' आणि 'सत्य हे त्रिवार' या दोन्हींना बाबूजींनी (संगीतकार-गायक सुधीर फडके) एकच शांत वळण दिलंय. शिवाय प्रत्येक अंतऱ्याची शेवटची ओळ 'चा'वर संपून पुन्हा ध्रुवपदावर येते. पूर्ण गाण्यात 'पराधीन' सुरुवातीचं धरून निदान अकरा वेळा कानावर पडतं. आता श्रोत्याच्या डोक्यात मुदत आणि जबाबदारी राहील की पराधीनता? दहावा_अंतरा, दहाच्या दहा अंतरे गायले तरी परिणाम तोच होणार.

दुसरं असं की आकाशवाणी पुणे केंद्रावर १९५५-५६ मध्ये मालिका झाली तेव्हा पात्रांनुसार गायक-गायिका वेगवेगळे होते. पुढे घराघरांत पोचला तो एचएमव्हीचा ध्वनिमुद्रिका-संच, सगळा बाबूजींच्या एकट्याच्या आवाजात. कौसल्या, भरत, शूर्पणखा, राम, सगळ्यांचा गळा एकच. तिथे पात्राचं म्हणणं कथेकऱ्याचं म्हणणं होऊन जातं. रामाने भरताला घातलेली समजूत 'गीतरामायणाची शिकवण' वाटायला लागते ती अशी.

दहावा_अंतरा

एका गळ्याचा मुद्दा एकदम पटला. चालीचा अर्धाच.

ध्रुवपद तेच राहतं, पण प्रत्येक वेळी ते वेगळ्या ओळीच्या पाठीवर येतं. दुसऱ्या अंतऱ्यानंतर त्याचा अर्थ 'सगळं नाशवंत आहे' असा लागतो. नवव्यात 'तूच एक स्वामी आता राज्यसंपदेचा' म्हटल्यावर लगेच 'पराधीन' येतं, तेव्हा ते स्वामीलाच उद्देशून होतं. राजा झालास तरी मोकळा नाहीस. आणि आठव्यानंतरची पराधीनता तर दिलेल्या शब्दाची आहे. राम तिथे नशिबाला बांधलेला नाही, वचनाला बांधलेला आहे, आणि तेही स्वखुशीने. 'मुकुटकवच धारण करि का वेष तापसाचा?' हा प्रश्न हतबल माणसाचा वाटतो का?

संबोधनं बघा. भरता, वत्सा, वेड्या, बाळा. रडणाऱ्या धाकट्या भावाला समजावताना वापरलेली ही भाषा आहे. सिद्धान्त मांडणारा 'वेड्या' म्हणत नाही.

फक्त_वाचक

एका गाण्याचा इतका कीस? गदिमांनी आठवड्याला एक गाणं दिलंय हो. रामनवमी ते रामनवमी, त्यात अधिक महिना आला म्हणून ५२ ची ५६ झाली. संपूर्ण मालिकेचं 'सूत्र' वगैरे आपण मागाहून चिकटवतोय.

पाठभेद

आठवड्याला एक लिहिली हे खरं, पण चौकट पहिल्याच गाण्यात पक्की झालेली आहे. कुश-लव गातात आणि स्वतः राम ऐकतो. शेवटच्या गाण्यात वाल्मीकी त्याच मुलांना गायला सांगतात. टोकं अशी जुळवून घेणाऱ्या कवीला सूत्र नव्हतं म्हणणं अवघड आहे.

दैववादाचा निकाल लावायचा तर २५वं गाणं एकटं पुरणार नाही. ४२वं 'सेतू बांधा रे सागरी' आणि ५०वं 'किती यत्ने मी पुन्हा पाहिली तूते' सोबत घ्या. ५०व्यात रावणवधानंतर राम सीतेसमोर उभा आहे. वाल्मीकींकडे याच प्रसंगी तो म्हणतो, 'दैवसंपादितो दोषो मानुषेण मया जितः'. दैवाने घडवलेला दोष मी, माणसाने, जिंकला. चित्रकूटावर 'अनीश्वर' म्हणणारा तोच. गदिमांचंही ५०वं गाणं 'यत्ने'नेच सुरू होतं. २५ ते ५० हा प्रवास सलग ऐकला तर दैववाद हा शेवटचा शब्द उरत नाही.

तर्कट

५०वर थांबू नका, ५५वर या. 'मज सांग लक्ष्मणा, जाउ कुठे'. गरोदर सीता, रानात सोडलेली. भरताला मिळालं तसं दहा अंतऱ्यांचं सांत्वन तिला कुणी देत नाही. 'दोष ना कुणाचा' म्हणायला राम तिथे हजरही नाही. पाठभेद, तुमची चौकट मान्य केली तर हे अधिकच बोचतं. हे सगळं ऐकत दरबारात बसलेला राम सीतात्यागानंतरचा आहे. मुलांच्या तोंडून 'दोष ना कुणाचा' हे स्वतःचंच वाक्य तो ऐकतोय, आणि समोरची मुलं त्याच सीतेची.

म्हणजे दैव हे उत्तर भरताच्या वेळी चाललं, सीतेच्या वेळी चालत नाही. गदिमांनी हे हेतुपुरस्सर केलं असेल तर मी गीतरामायणाला दैववादी म्हणणं मागे घेईन. २५व्या गाण्याबद्दलचा आक्षेप तरीही कायम.

मध्यम_तीव्र

हेतू सोडा, ऐकून ठरवता येतं. १३व्या 'व्हायचे राम अयोध्यापति'पासून २६व्या 'पादुकां'पर्यंत सलग ऐका, मग ५०, ५१, ५५. संहिता हातात ठेवा आणि कोणता अंतरा गाळलाय त्यावर खूण करत जा. 'पराधीन'च्या ध्वनिमुद्रणात 'दशोत्तरी चार' ऐकू आलं नाही, तर ते अर्धंमुर्धं आहे. त्यावरून वाद घालू नका.

तर्कट

५१ तुम्ही सहज मध्ये सरकवलंत. 'लोकसाक्ष शुद्धी झाली' हे सीतेच्या अग्निपरीक्षेचं गाणं दैववादी नाही, पण त्याहून अडचणीचं आहे. तिथे निर्णय लोकांच्या नजरेवर सोपवलाय. त्यावर वेगळा धागा काढा, इथे मावणार नाही.