कांद्याला नुसती पात येते, पोसतच नाही! आणि इंदोरात लीक होईल का?

गच्चीवाली_सुदामानगर
नमस्कार मंडळी, मागच्या जानेवारीत ऑनलाइन मागवलेलं बाहेरदेशी पिवळ्या गोड कांद्याचं बी सरळ टबातच टाकलं होतं. पात इतकी सुंदर आली की शेजारचे बघायला यायचे, पण मे संपला तरी खाली कांदा नाही, नुसत्या जाड माना. शेणखत भरपूर होतं, दर आठ दिवसांनी जीवामृत (शेण-गोमूत्राचं पातळ खत) पण देत होते. रासायनिक काही घालणार नाही हे पक्कं, कारण आमच्याकडे पोह्यावर रोज कच्चा कांदा लागतो आणि सासूबाई पातीसकट खातात. आता सप्टेंबर संपत आलाय, यंदा काय वेगळं करू? आणि मुलीला सुपासाठी लीक हवाय, तो कांद्याच्या कुळातला, जाड पांढऱ्या बुंध्याचा, आपल्याकडे होतो का तो?

माळवी_माती
ताई, तुमचं खत नाही, बी चुकलं. कांदा पोसायला लागतो तो दिवसाच्या लांबीवर. थंड देशांतल्या जातींना चौदा तास किंवा त्याहून मोठा दिवस लागतो आणि इंदोरात जूनमधला सगळ्यात मोठा दिवससुद्धा साडेतेरा तासांच्या आसपासच असतो, म्हणजे त्या बिचाऱ्या रोपाला कांदा धरायची वेळच कळली नाही. आपल्याला लहान दिवसाची जात हवी, ॲग्रीफाऊंड लाइट रेड घ्या नाहीतर भीमा शक्ती, दोन्ही रब्बीला चालतात. बी ताजंच घ्या, कांद्याचं बी वर्षभरात जुनं होतं, मग उगवत नाही. ऑक्टोबरच्या शेवटी रोपांसाठी बी टाका, सहा-सात आठवड्यांनी ती रोपं उपटून टबात लावा, दोन रोपांत चार बोटं जागा, आणि खोल पुरू नका. जीवामृत लावणीनंतर दीड-दोन महिने द्या, मग बंद, नाहीतर परत पातच वाढेल आणि मान जाड राहील. निम्म्या माना पडल्या की काढायचे, त्याआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडा.

काकू_तिलकनगर
लीक होतो गं! मी तीन वर्षं लावतेय. त्याला कांदा धरायचाच नसतो त्यामुळे दिवसाच्या लांबीची भानगड नाही, फक्त थंडी पूर्ण मिळाली पाहिजे, म्हणून त्याचं बी आत्ताच टाक, उशीर करू नकोस. रोप पेन्सिलीएवढं झालं की लाटण्याच्या दांड्याने वीतभर खोल भोक पाडायचं, रोप आत सोडायचं, वरून पाणी घालायचं आणि भोक बुजवायचं नाही, पाण्याबरोबर माती आपली आपण उतरते. पुढे वाढेल तशी बुंध्याला माती चढवत राहायची, जेवढा भाग झाकलेला तेवढाच पांढरा आणि कोवळा. टब खोल घे, निदान सव्वा फूट. लावल्यापासून चार-साडेचार महिने लागतात, धीर धर, आणि एप्रिलचं ऊन तापायच्या आत काढून घे. चिरताना उभा फाडून धू, पानांच्या पदरात माती बसते. सुपापेक्षा मला तर पीठ पेरूनच आवडतो.

खतवाला_इंदोर
बी चुकलं हे खरं, पण खताला असं सरळ सोडून देऊ नका दादा. टबात नुसती काळी माती असेल तर ती पाणी धरते आणि सुकली की दगड होते, कांदा फुगणार कुठे? एक भाग माती, एक भाग कंपोस्ट आणि थोडी वाळू करा. शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं. आणि कंपोस्ट आपल्या गावाचंच घ्या ना, जगभर ज्याला इंदोर पद्धत म्हणतात ती अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञाने 1924 ते 1931 मध्ये इथेच बसवली, आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथे, आणि 1935 मध्ये गांधीजी ती बघायला आले होते. पाला-काडीकचरा, त्यावर शेण, त्यावर माती आणि राख असे थर, ओलावा ठेवायचा, अधूनमधून वरखाली करायचं, तीनेक महिन्यांत तयार. आत्ता रचलंत तर डिसेंबरच्या लावणीला मिळेल. फेब्रुवारीत पातीवर पांढुरके चट्टे दिसले तर ते फुलकिडे, निळे चिकट कार्ड लावा, आणि लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल, दोन थेंब साबण, संध्याकाळीच फवारा.

गच्चीवाली_सुदामानगर
काकू, दादा, खूप खूप आभार, वर्षभर मी खतालाच दोष देत होते! लीकचं बी आजच टाकते. एकच राहिलं, मागे दोन रोपांना मधूनच दांडा येऊन फुलं आली होती, तसं परत झालं तर?

माळवी_माती
ते डेंगळे. रोप फार जून झाल्यावर लावलं आणि थंडी कडक पडली की येतात. तो कांदा टिकत नाही, मधे कडक दांडा राहतो, लगेच काढा आणि आधी तोच वापरा. दांडा कोवळा असेल तर पातीबरोबर भाजीत घाला, छान लागतो.